सुईकाकांचे कान

माझी जीभ तिखट आहे हे मला कुणी सांगायला नको. आई सांगून थकली, बायको अजून सांगते, आणि आमचे मालक तर पगारवाढीचा विषय निघाला की नेमकं तेवढंच सांगतात. मी हसून सोडून देतो. पण त्याच जिभेने मी एका भल्या माणसाचं काय करून ठेवलं ते आठवलं, की भर दुपारी, दुकानात चार लोकांसमोरसुद्धा मला मान वर करवत नाही.

आमचं दुकान महागड्या साउंड सिस्टिमचं. महागड्या म्हणजे अशा, की गिऱ्हाईक किंमत ऐकून "जोडीची ना?" असं विचारतं आणि आम्हाला "नाही, एकाची" असं हळूच सांगावं लागतं. दोन मजले आहेत. खाली स्ट्रीमिंगची यंत्रं, वर रेकॉर्ड प्लेअर. खालचा मजला माझा, वरचा सुईकाकांचा.

सुईकाका हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. रेकॉर्डवर टेकणारी सुई बसवणं हे त्यांचं काम, म्हणून सगळे सुईकाका म्हणायचे. त्यांच्या बायकोला कुणी सुईकाकू म्हटलं की त्या फणकारायच्या, "मी काय शिंपीण आहे?" काका सदुसष्ट वर्षांचे. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी एका रेकॉर्डिंग स्टुडिओत काढली. तो बंद पडला तेव्हा मालक त्यांना मानाने आमच्याकडे घेऊन आले. एका डोळ्याला भिंग लावायचं, अंगठ्याएवढ्या वजनकाट्यावर सुई टेकवायची, तिचा भार ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत मोजायचा, सुई जिच्या टोकाला असते ती दांडी केसभर इकडे, केसभर तिकडे करायची. एवढं सगळं मोजून झालं की काटा डबीत ठेवायचे आणि म्हणायचे, "चला, आता कानाला विचारू."

कानाला विचारायचं म्हणजे त्यांची एक ठरलेली रेकॉर्ड लावायची. एक बाई गातात, साथीला एक व्हायोलिन. दुसऱ्या कडव्यानंतर क्षणभर सगळं थांबतं, आणि त्या शांततेत मागे डावीकडे एक खुर्ची करकरते. रेकॉर्डिंग चालू असताना कुणीतरी बूड हलवलं असणार, दुसरं काय! आज असं झालं तर आम्ही तो आवाज पुसून टाकू. काकांचा मात्र सगळा जीव त्या खुर्चीत. सुई नीट बसली असली की खुर्ची बाईंच्या तीन पावलं मागे वाजते, नसली की पुढे सरकते, असं त्यांचं म्हणणं. ते डोळे मिटून ऐकायचे आणि "खुर्ची जागेवर" असं म्हणायचे. ते म्हटलं की काम संपलं, गिऱ्हाइकाने खुशाल घरी घेऊन जावं.

मला या खुर्चीचा भारी राग. मी स्ट्रीमिंगवाला माणूस, मला काका मोबाइलराव म्हणायचे.

"काका, तेच गाणं माझ्याकडे आहे. खरखर नाही, टकटक नाही, दर वीस मिनिटांनी उठून बाजू बदलायला नको. मग तुमच्या तबकडीत जास्त काय आहे?"

"जास्त काही नाही रे. तुझं माझ्यापेक्षा स्वच्छ आहे, मी नाही कुठे म्हणतो? पण माझ्या कानांना एवढी वर्षं मी हेच पाजलंय. आता म्हातारपणी बाटली बदलली तर रडतील ते."

असं बोलायचे. आता याच्याशी भांडायचं कसं? आणि मला तर भांडायचंच असायचं. मी गिऱ्हाइकांना छातीठोकपणे सांगायचो, डोळे बांधून बसवा कुणालाही, फरक कळला तर मिशी उतरवीन. मला मिशी नाहीच, म्हणून सगळे हसायचे. वरून काकाही हसायचे.

तर आमच्याकडे एक दातांच्या डॉक्टरबाई आल्या. त्यांचे वडील वारले होते आणि मागे चार खोकी भरून रेकॉर्ड राहिल्या होत्या. त्यांना स्ट्रीमिंगही हवं होतं आणि रेकॉर्डही. मी त्यांना एक हुशार अॅम्प्लिफायर दाखवला. तो येणारा प्रत्येक आवाज आधी आकड्यांत बदलतो, खोलीची लांबी-रुंदी बघून त्याची काटछाट करतो आणि मग स्पीकरला देतो. स्ट्रीमिंगला हे फार छान चालतं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "माझ्या फोनवरच्या गाण्यांचं काय वाटेल ते करा. पण बाबांच्या रेकॉर्ड बाबा ऐकायचे तशाच ऐकू आल्या पाहिजेत. मध्ये कॉम्प्युटरची लुडबुड नको."

"मॅडम, शब्द दिला," मी म्हणालो. त्यासाठी अॅपमध्ये 'थेट' नावाचं एक बटण असतं. ते चालू केलं की रेकॉर्डचा आवाज आकडेमोडीच्या वाटेला न जाता सरळ स्पीकरला जातो. एका बोटाचं काम.

काकांनी दुकानातच सुई बसवली, खुर्ची जागेवर आणली. मी सगळं डॉक्टरबाईंच्या घरी नेऊन जोडलं. जोडून झालं आणि खालून कुणी तरी ओरडलं, माझी गाडी दुसऱ्याच्या फाटकासमोर उभी होती. मी धावत खाली गेलो, त्या माणसाशी यथेच्छ भांडलो, आणि ते बटण राहून गेलं. बस. एवढीच चूक. कुणाच्याही हातून होते.

नवी सुई तीसचाळीस तास वाजली की थोडी सैल पडते, म्हणून तीन आठवड्यांनी काका तपासायला जायचे. त्या दिवशी मीच त्यांना घेऊन गेलो, कारण पुढे मला दुसरीकडे काम होतं. वाटलं, अर्ध्या तासात निघू.

काकांनी वजन बघितलं, दांडी बघितली, मग आपली रेकॉर्ड लावली. डोळे मिटले. दुसरं कडवं संपलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"खुर्ची पुढे आलीय."

"किती?" मी घड्याळ बघत विचारलं.

"बाईंच्या मांडीवर बसलीय म्हण ना."

डॉक्टरबाई हसल्या. काका नाही हसले. त्यांनी दांडी काढली, पुन्हा बसवली, पुन्हा ऐकलं. पुन्हा काढली. स्पीकर हलवून बघितले, जमिनीवर पालथे पडून तारा बघितल्या. सदुसष्ट वर्षांचा माणूस घामाघूम झाला. "माझंच काहीतरी चुकतंय, पण काय ते सापडत नाही," असं पुटपुटत होते. यंत्राचं चुकलं असेल हे त्यांच्या मनातही येईना, कारण यंत्र मी जोडलं होतं. दोन तास झाले. माझ्या पुढच्या गिऱ्हाइकाचे तीन फोन येऊन गेले. चाळा म्हणून मी अॅप उघडलं आणि बघितलं, तर 'थेट' बंद!

तीन आठवडे डॉक्टरबाईंच्या वडिलांच्या रेकॉर्ड आकडेमोडीतून, काटछाट होऊन वाजत होत्या. त्या बाईंना कळलं नाही. मलाही कळलं नसतं. आणि हा म्हातारा डोळे मिटून पहिल्या झटक्यात सांगत होता, की खुर्ची पुढे आलीय.

तिथे "चुकलो" एवढा एक शब्द बोलायचा होता. बाई रागावल्या असत्या, काका हसले असते, मला 'काय मोबाइलराव' म्हणून आठवडाभर चिडवलं असतं, विषय संपला असता. पण मी शब्द दिला होता ना! आणि एकालाही फरक कळणार नाही असं मी गावभर सांगत फिरलो होतो ना! तेवढ्यात चौथा फोन वाजला, आणि माझं डोकं फिरलं. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

"काका, पुरे करा आता. खुर्ची जिथल्या तिथे आहे. तुमचे कान तपासून घ्या एकदा."

डॉक्टरबाई पुन्हा हसल्या, जरा अवघडून. काका आधी हसायला गेले. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी खरंच बोलतोय का ते बघितलं, आणि त्यांचं हसू तिथल्या तिथे विरलं. "हो का," म्हणाले. रेकॉर्ड पाकिटात घातली. पाकिटाचं तोंड त्यांना एका झटक्यात सापडलं नाही, एवढं मला नीट आठवतं.

गाडीत ते रेकॉर्डचं पाकीट मांडीवर धरून खिडकीबाहेर बघत बसले. मी मनात म्हटलं, बरं झालं, सुंठीवाचून खोकला गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानातूनच इंटरनेटवरून मी डॉक्टरबाईंच्या यंत्रात शिरलो, आम्हाला तशी सोय असते, आणि ते बटण गुपचूप चालू करून टाकलं. आता पुरावाही उरला नाही. शेण खाल्लं ते खाल्लं, वर तोंडही पुसलं.

काकांनी खरंच कान तपासून घेतले. चार दिवसांनी कागद घेऊन दुकानात आले आणि काउंटरवर मालकांपुढे ठेवला. "बघा. एवढ्या बारीक आवाजाच्या पुढे मला काही ऐकूच येत नाही. मशीनच सांगतंय."

मालक म्हणाले, "अहो काका, या वयात सगळ्यांचंच असं येतं."

"सगळे लोक सुया बसवत नाहीत."

मी तिथेच उभा होतो. त्या कागदातलं मालकांपेक्षा मला जास्त कळत होतं. गेले होते ते डासाच्या गुणगुणीसारखे अगदी वरचे सूर. खुर्चीची करकर त्याच्या कितीतरी खाली असते, ती त्यांना ठणठणीत ऐकू येत होती. हे सांगायला काय लागत होतं? आपलं पाप कबूल न करताही हे सांगता आलं असतं. पण चोराच्या मनात चांदणं. तोंड उघडलं तर भलतंच बाहेर पडेल, या भीतीने मी मूग गिळून बसलो.

त्यानंतर जे झालं ते लिहिताना हात थांबतो. काका वरच्या मजल्यावर गेले, आपली वही काढली आणि गेल्या पाच वर्षांत ज्यांच्या ज्यांच्या सुया बसवल्या त्या सगळ्यांना एकेक करून फोन लावायला लागले. मी जिन्यात होतो, मला सगळं ऐकू येत होतं.

"नमस्कार, मी सुईकाका... हो हो, मजेत. एक सांगायचं होतं. तुमची सुई दुसऱ्या कुणाकडून एकदा तपासून घ्या. माझे कान गेलेत हो. कधीपासून गेलेत ते मलाच माहीत नाही. तुमचं काम कच्चं झालं असेल तर माफ करा."

मग पुढचा फोन. पुन्हा तेच, त्याच आवाजात. पलीकडचे लोक "छे छे, काका, आमचं उत्तम वाजतंय" म्हणत असणार, कारण काका दर वेळी म्हणायचे, "तुमचा चांगुलपणा." दोन दिवस चाललं हे. न केलेल्या चुकीची माफी तो माणूस घरोघर मागत होता, आणि ज्याने केली होती तो जिन्यात उभा राहून ऐकत होता. मला तेव्हा माझी एवढी किळस आली, की घरी जाऊन मी बायकोवरच खेकसलो. आमची तऱ्हा ही अशी.

काका दुकानात यायचे थांबले. आठवडा गेला, आणखी चार दिवस गेले. अकराव्या दिवशी, रविवारी सकाळी, मी त्यांच्या घरी गेलो. बैल गेला नि झोपा केला म्हणतात तसं. दार काकूंनी उघडलं.

"आलास ते बरं झालं," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. "घरात गाणं नाही रे. प्लेअरवर चादर टाकून ठेवलीय. मी म्हटलं, मी लावते, तर म्हणाले, तुला ऐकायचं तर लाव, मला त्यातलं काय कळणार. मी काय एकटीने ऐकायचं?"

काका खिडकीशी शेंगा सोलत बसले होते. मी उभ्या उभ्याच सगळं ओकून टाकलं. बटण, गाडी, फाटक, अॅप, दिलेला शब्द, सगळं. "काका, तुमचे कान बरोबर होते. खुर्ची खरंच पुढे आली होती. मी बघितलं होतं आणि तरी तसं बोललो. मी नालायक आहे."

त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली. मला वाटलं, आता थोबाडीत देतील. द्यावी, असंही वाटलं. पण ते हसले.

"तुला हिने बोलावलं ना?"

"मी नाही हो बोलावलं!" काकू म्हणाल्या.

"मग मालकांनी पाठवलं असेल." ते माझ्याकडे एवढ्या मायेने बघत होते की मला तिथे उभं राहवेना. "मोबाइलराव, जीभ तिखट असली तरी मनाने चांगला आहेस तू. पण म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून स्वतःवर आळ घेऊ नकोस."

मी शपथा घेतल्या. रडलोसुद्धा, लपवत नाही. शेवटी म्हणालो, चला, दाखवतोच. त्यांना ओढून डॉक्टरबाईंकडे नेलं. बाईंना दारातच सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. "तीन आठवडे? आणि तरी तुम्ही माझ्यासमोर त्यांना तसं बोललात? आणि मी हसले!" त्या माझ्यावर अशा तुटून पडल्या की मला उलट बरं वाटलं. पण काकाच मध्ये पडले, "अहो, त्याला नका बोलू. तो माझ्यासाठी करतोय हे."

काका पाठमोरे बसले. त्यांचीच रेकॉर्ड लावली. मी फोनवरून 'थेट' कधी चालू करायचो, कधी बंद. पाच वेळा केलं. पाचही वेळा त्यांनी खुर्ची वाजल्याबरोबर बरोबर सांगितलं. "मागे." "पुढे." "पुढे." आणि पाचही वेळा दोन श्वास गेले की मान हलवली, "नाही, थांब. मागे असेल. छे, नाही सांगता येत."

"काका, पहिलं तेच बरोबर होतं! पाचात पाच!"

"बरोबर असतं तर फिरवलं असतं का मी?" ते उठले. "पूर्वी मला विचार नाही करावा लागायचा. आता खुर्ची वाजली की तुझाच आवाज येतो, कान तपासून घ्या. मग काही सुचत नाही."

डॉक्टरबाईंनी तोंड फिरवलं. मी काकांच्या पायाशी बसलो आणि म्हणालो, "अहो, ते खोटं होतं. मी चिडलो होतो म्हणून बोललो."

"म्हणून तर," काका म्हणाले. "चिडलेला माणूस खरं बोलतो. आज तू रडतोयस, आज तू काहीही बोलशील."

माझ्या खांद्याचा आधार घेऊन ते जिना उतरले. वाटेत मला सांगत होते, की राग अजिबात नाही, उलट तूच एक बोललास, बाकीचे सगळे तोंडदेखलं बोलत आले. मी मालकांनाही सगळं सांगितलं. मालकांनी मला काढून टाकलं नाही, नुसते एक महिना माझ्याशी बोलले नाहीत. काकांना ते स्वतः जाऊन भेटले. काकांनी त्यांनाही चहा पाजून परत पाठवलं.

आता वरचा मजलाही मीच बघतो. भिंग लावतो, भार मोजतो, दांडी बसवतो. खुर्ची मला कधी मागे वाटते, कधी पुढे, खरं सांगायचं तर मला नाही कळत. मालकांनी दुसरा माणूस शोधून बघितला, कुणी मिळालं नाही.

परवा एका अनोळखी बाईंचा फोन आला. पलीकडच्या वस्तीत राहतात, जुना प्लेअर आहे, सुई बसवायचीय.

"सुईकाकांना विचारलं होतं मी," त्या म्हणाल्या. "ते म्हणाले, आपल्याला आता जमत नाही, तुम्हालाच बोलवा. म्हणाले, तोंडावर खरं बोलणारा असा माणूस तुम्हाला दुसरा मिळायचा नाही."

"हॅलो? ऐकू येतंय ना?" त्या दोनदा म्हणाल्या.

"हो, येतंय," मी म्हणालो, आणि त्यांचा पत्ता लिहून घेतला.